अनलेसच्या पोटातच 'नाही' असतं, दुसरं घालू नका

माझा भाचा सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात आहे, परवा त्याने बाहेरगावच्या पार्टीला इंग्लिशमध्ये मेसेज टाकला, 'वुई विल नॉट सेंड द गुड्स अनलेस यू डू नॉट पे अ‍ॅडव्हान्स'. त्याला म्हणायचं होतं की तुम्ही जोपर्यंत अ‍ॅडव्हान्स देत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही, पण अर्थ झाला बरोबर उलटा, की अ‍ॅडव्हान्स दिलात तर माल मिळणार नाही. लगेच पार्टीचा फोन, पैसे टाकू का नको?

हुशार पोरंसुद्धा इथंच चुकतात, कारण शाळेत आपण अनलेस म्हणजे 'जोपर्यंत नाही तोपर्यंत' असं पाठ केलेलं असतं, मग मराठीतला तो 'नाही' आपण इंग्लिशमध्येपण उतरवतो.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी मनात 'शिवाय'चं वाक्य करा. 'तुम्ही अ‍ॅडव्हान्स दिल्याशिवाय माल पाठवणार नाही.' बघा, 'दिल्याशिवाय'च्या जवळ 'नाही' कुठंच नाही, तसंच इंग्लिशमध्ये, 'अनलेस यू पे अ‍ॅडव्हान्स', बास.

पण 'शिवाय' सगळीकडे बसत नाही हां. 'पाऊस आला नाही तर आयर्विन पुलावर जाऊ' हे घ्या. इथं 'नाही तर' हे दोन्ही शब्द मिळून एकटं अनलेस, म्हणजे 'वुई विल गो अनलेस इट रेन्स'. डझन्ट नको आणि विलपण नको, गोष्ट पुढची असली तरी अनलेसनंतर साधा वर्तमानकाळच येतो.

हा शब्द आला कुठून ते कळलं की डोक्यात पक्कं बसतं. 15व्या शतकातल्या इंग्लिशमध्ये 'ऑन लेस दॅन' असं म्हणायचे, म्हणजे याहून कमी अटीवर नाही. पुढे बोलता बोलता दॅन गळालं आणि ऑनचं अन झालं, कारण शब्दाला नकाराचा वास होताच. म्हणजे अनहॅपीमधला अन वेगळा आणि हा वेगळा.

अनटिलशी गल्लत करू नका, तिथं प्रश्न वेळेचा असतो. लाइट येणारच आहे, फक्त 'येईपर्यंत' थांबायचंय, तिथं अनटिल. अट असली की अनलेस.

आणि 'ती आली नाही तर मला वाईट वाटेल' असल्या वाक्यात अनलेस चालतच नाही, कारण तिचं न येणं हेच वाईट वाटायचं कारण आहे, तिथं सरळ 'इफ शी डझन्ट कम' लिहा.