बऱ्याच वर्षांनी परत लाकडी जहाज बांधायचंय? मग किट असं निवडा

दहा-पंधरा वर्षांनी परत किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या खोक्यातून, जहाजाचं लाकडी मॉडेल बांधायला घ्यायचं म्हटलं की डोळ्यासमोर पहिलं येतं ते जुनं ब्रिटिश युद्धजहाज व्हिक्टरी नाहीतर तसलंच काहीतरी, तीन डोलकाठ्या, तोफांच्या रांगा, मागे सोनेरी नक्षी. मी पण तेच केलं होतं. मोठ्या खंडानंतर थेट तीन डोलकाठ्यांचं युद्धजहाज आणलं, सांगाडा उभा केला, फळ्यांचा पहिला थर लावला आणि तोफांच्या खिडक्यांच्या चौकटी बसवता बसवता सहा महिने गेले, मग एकदा त्याच्यावर कापड टाकलं ते परत काढलंच नाही. त्यानंतर एका डोलकाठीचं साधं कटर, म्हणजे छोटं शिडाचं जहाज, घेतलं, ते पूर्ण झालं, आणि तेव्हा कुठे हाताला जुनी सवय परत आली. म्हणून परतताना पहिलं किट हे पूर्ण होणारं हवं, स्वप्नातलं जहाज त्याच्या नंतर.

व्हिक्टरीचंच बघा ना. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं जहाज, लांबी साधारण ६९ मीटर. १:७२ च्या स्केलला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं केलं, तर नुसतं अंगच ९६ सेंटीमीटर होतं, त्यात बोस्प्रिट, म्हणजे टोकापासून पुढे आलेली काठी, धरला की मीटरच्या बरंच पुढे जातं, वर काचेची पेटी लागणार ती वेगळी. शंभराच्या आसपास तोफा म्हणजे तीच गाडी, तीच चाकं, तेच दोर शंभर वेळा. अवघड असं त्यात काही नसतं, पण एकच काम इतक्या वेळा करायला जो धीर लागतो तो लगेच परत येत नाही. त्यामानाने एका डोलकाठीचं कटर, दोन डोलकाठ्यांचं स्कूनर किंवा साधी मासेमारीची बोट घेतली तर कला सगळी तीच आहे, फळ्या वाकवणं, डेक, डोलकाठी, रिगिंग म्हणजे दोरांची बांधणी, फक्त संख्या कमी. १:६४ मधे काल्डरक्राफ्ट कंपनीचं शेरबोर्न किंवा व्हॅनगार्ड मॉडेल्सचं अलर्ट, ही दोन्ही अठराव्या शतकातली कटर आहेत आणि परतणाऱ्या माणसाला अगदी बेताची आहेत. हात फारच गंजलाय असं वाटत असेल तर मॉडेल शिपवेज कंपनीची तीन छोट्या बोटींची मालिका बघा, लोवेल डोरी, नॉर्वेजियन प्रॅम आणि लॉबस्टर स्मॅक, याच क्रमाने करायच्या, एक झाली की पुढची थोडी अवघड.

आता स्केल. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण लहान मॉडेल म्हणजे सोपं असं वाटतं. डेडआय घ्या, म्हणजे तीन भोकांचा गोल लाकडी ठोकळा, ज्यातून दोर ओवून डोलकाठीचे आधार ताणतात. खऱ्या जहाजावरचा २५ सेंटीमीटरचा डेडआय १:६४ ला जेमतेम ४ मिलीमीटर होतो आणि १:९८ ला अडीच मिलीमीटर, आणि त्यातल्या तीन भोकांतून दोरा ओवायचाय! चाळिशी उलटल्यावर जवळचं दिसायला त्रास होतो, मधल्या काळात आपले डोळेही बदललेत हे मान्य करा. त्यामुळे मोठं जहाज छोट्या स्केलमधे घेण्यापेक्षा छोटं जहाज मोठ्या स्केलमधे घ्या. १:६४, १:४८, बोट असेल तर १:२४ सुद्धा.

फळ्यांचा एकच थर आहे की दोन, हे नक्की विचारा. दोन थरांत पहिला जाड, साधारण दीड-दोन मिलीमीटरचा, तो थोडा वेडावाकडा झाला तरी पुटी भरून घासून सरळ करता येतो, आणि वरचा पातळ थर मग छान बसतो. एकच थर असला तर लावाल तेच कायम दिसणार. अनेक वर्षांनी परतताय तर दोन थरांचंच घ्या असं माझं मत, नाहीतर एक थर घेऊन रंग द्यायची तयारी ठेवा. लाकडात बासवुड आणि लाइम मऊ असतात, भिजवून सहज वाकतात. वॉलनट दिसायला भारी पण त्याच्या रेषा स्केलच्या मानाने ठळक दिसतात आणि काही पट्ट्या वाकवताना कचकन फुटतात. पेअरवुड आणि बॉक्सवुडचा पोत बारीक, घासल्यावर कडा धारदार राहते, हातात घेतलं की फरक कळतो.

खोक्यावरच्या फोटोवर जाऊ नका, तो कसलेल्या माणसाने बांधलेला असतो. सूचनापुस्तिका बघा. बऱ्याच कंपन्या ती नेटवर फुकट ठेवतात, ती उतरवून आधी फळ्या लावायचं प्रकरण वाचा. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळी निमुळती कशी करायची, कीललगतची, म्हणजे तळाच्या कण्यालगतची, पहिली फळी कुठे संपवायची हे फोटोसकट सांगितलंय का, की "आता फळ्या लावा" म्हणून दोन ओळींत उरकलंय? रिगिंगचे नकाशे पूर्ण आकाराचे आहेत का? हे नीट असेल तर थोडं साधं लाकूडसुद्धा चालतं, सूचना वाईट असतील तर उत्तम लाकूड पण वाया जातं. आणि डिझाइन मुळात कोणाचं आहे ते शोधा, दुसऱ्याचं चोरून कापलेली किटं सर्रास विकली जातात, ती घेऊ नका, ज्याने जहाजाच्या मूळ नकाशांवर वर्षभर डोकं घातलं त्याचं ते नुकसान आहे.

कपाटात जुनं अर्धवट किट पडलंय? मग नवीन घ्यायच्या आधी ते काढा. बल्कहेड म्हणजे आडव्या चौकटी आणि मधला कणा काचेवर ठेवा, पीळ पडला असेल तर लगेच दिसतं. दोरा हाताने ताणा, सहज तुटला तर टाकून द्या, दोरा नवीन मिळतो. धातूच्या तोफा-नांगरांवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचं गंजणं आहे, बंद लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने होतं, ती भुकटी विषारी असते म्हणून घासू नका, हातमोजे घालून ते भाग बाजूला करा आणि पितळी घ्या. जुना गोंद तर सरळ फेकाच.

नवीन किट आलं की त्याच दिवशी यादी घेऊन सगळे भाग मोजा, काही कमी असलं तर कंपनीला तेव्हाच कळवता येतं. मग एक पट्टी घ्या, अर्धा तास पाण्यात ठेवा आणि एका मगाभोवती हळूहळू वाकवून कपड्यांच्या चिमट्याने अडकवून ठेवा. सकाळी सोडल्यावर तिने वळण धरलेलं असेल, आणि कुठे किती जोर लावायचा हे बोटांना कळलेलं असेल.