कॉलेजात विद्यार्थ्यांचे उद्योग कसे उभे करावेत: आधी कांद्याच्या चाळीत, मग लॅबमध्ये

नाशिक जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बरीच वर्षं मुलांचा इनोव्हेशन सेल, म्हणजे नव्या कल्पनांतून उद्योग उभे करायचा विभाग, चालवते. "उद्योजकांची व्याख्यानं ठेवा, हॅकेथॉन (एक-दोन दिवसांत काहीतरी बनवायची स्पर्धा) भरवा" हा सल्ला मला दरवर्षी मिळतो. दोन्ही मी भरपूर केलंय. त्यातून प्रमाणपत्रं निघाली, उद्योग एकही निघाला नाही.

सेलला खोली एक पुरे. किल्ली मात्र मुलांकडेच हवी, कारण त्यांचं खरं काम कॉलेज सुटल्यावर सुरू होतं.

गट चार-पाच जणांचा, किमान दोन शाखांचा.

आता प्रश्न निवडणं. सगळे गट इथेच बुडतात, आणि पहिल्यांदा मी स्वतः एक गट इथे बुडवला. मुलांनी कांद्याच्या चाळीसाठी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडसाठी, यंत्र बनवलं होतं. आतली आर्द्रता आणि सडल्याचा वायू मोजायचा, मोबाइलवर इशारा पाठवायचा. आठ महिने राबली पोरं. स्पर्धेत बक्षीसही मिळालं. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यांना दाखवलं तर सगळे म्हणाले, "छान आहे." विकत एकानेही घेतलं नाही. शेवटी एका काकांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "मॅडम, सडायला लागला की वासावरून कळतंच. पण कळून करू काय? मधला कांदा काढायचा तर अख्खी चाळ उपसावी लागते, आणि ऐन पावसात मजूर आणू कुठून?" हे वाक्य आम्हाला पहिल्या आठवड्यात मिळायला हवं होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. ती मुलं नोकरीला लागली, पण त्यांचे ते आठ महिने माझ्या मनाला अजून लागतात.

तेव्हापासून माझ्याकडे पहिले तीन आठवडे सोल्डरिंग गन (सर्किट जोडायचं अवजार) हातात घ्यायची नाही. दोघा-दोघांनी जायचं, किमान वीस जणांशी बोलायचं. स्वतःचे काका-मामा त्यात धरायचे नाहीत, ते कौतुकच करणार. गुगल फॉर्मवर तर माझ्या सेलमध्ये बंदी आहे. "असं यंत्र आलं तर घ्याल का?" हा प्रश्नही बंद. आपल्याकडे दारात आलेल्या पोराला कुणी नाही म्हणत नाही, चहा पाजतात आणि हो म्हणतात. विचारायचं ते घडून गेलेलं: मागच्या वर्षी किती कांदा टाकून दिला? त्यावर काय करून पाहिलंत? त्याला किती पैसे गेले? आपल्या यंत्राचं नावही काढायचं नाही.

वेळही पाहून जा. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या कांदा बाजारात लिलावाआधी ट्रॅक्टरच्या रांगेत थांबलेला शेतकरी निवांत बोलतो. लिलाव झाला की त्याला वजनकाटा आणि हिशेबपट्टीची घाई असते, तेव्हा अडवू नका. पहिल्या फेरीला तुम्ही सोबत जा, पण तोंड बंद ठेवा. प्राध्यापक बोलायला लागला की समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो.

त्याच संध्याकाळी समोरच्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. "छान आहे" लिहायचं नाही. खर्च केलेले पैसे, वाया गेलेला वेळ आणि केलेला जुगाड, एवढंच लिहायचं. जुगाड केलेला माणूस सापडला की तिथे मुक्काम ठोका. एका शेतकऱ्याने चाळीच्या पोटात भोकं पाडलेला पाइप घालून त्याला पंखा जोडला होता. म्हणजे त्रास इतका होता की त्याने खिशातून पैसे घातले होते. तुमचं पहिलं गिऱ्हाईक असाच माणूस असतो.

दुसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळतात आणि विचारतात, "मॅडम, आता बनवायला घेऊ?" नाही म्हणा. मी एकदा हो म्हटलं होतं, त्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

नमुना स्वस्तातला बनवा, प्लायवूड चालतं.

नमुना दाखवल्यावर अभिप्राय मागू नका, विसार मागा. पाचशे रुपये का होईनात. दहा जणांपैकी कुणीच विसार देत नसेल तर वही घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं.

पेटंटबद्दल एक कळकळीची सूचना. प्रदर्शनात मांडण्याआधी, पेपर छापण्याआधी, यूट्यूबवर टाकण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. एकदा उघड झालेली गोष्ट कायद्याने नवी राहत नाही, आणि सवलत मोजक्याच प्रसंगांत मिळते. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. बक्षिसाच्या घाईत एका चांगल्या गटाने हे उलट्या क्रमाने केलं आणि हक्क गमावला.

हजेरीवरून विभागप्रमुख अडवतील. त्यांच्यापुढे केंद्र सरकारचं २०१९ चं राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण ठेवा. प्रोजेक्टच्या जागी स्टार्टअपचं काम धरावं आणि परवानगी असेल तर कमी हजेरीतही परीक्षेला बसू द्यावं, असं त्यात सुचवलेलं आहे. तोंडी होकार घेऊ नका. जूनमध्येच पत्र काढून घ्या.

शेवटचं वर्ष संपताना गटाकडून यंत्र नाही मिळालं तरी चालेल, पण वही घ्याच. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी जुन्या वह्या वाचायला बसवते. पाइप आणि पंख्याचं ते पान अशाच एका वहीत आहे, आणि यंदाचा गट तिथूनच पुढे काम करतोय.