घोड्यांसाठी जमीन शोधून देताना

मी शिरूर आणि मावळ पट्ट्यात शेतजमिनीचे व्यवहार करतो. पुण्याच्या आसपास रेसचे आणि रायडिंगचे घोडे पाळणारे बरेच, त्यामुळे "चार-पाच एकर बघा, घोडे ठेवायचेत" असा फोन येतोच. या कामात नवीन येणाऱ्यांनी आधी एवढं करावं: जमीन पावसात जाऊन बघावी.

सुरुवातीला मी एका गिऱ्हाइकाला फेब्रुवारीत काळीभोर, सपाट जमीन दाखवली. व्यवहार झाला. जुलैत त्यांनी बोलावलं, तर घोडी गुडघाभर चिखलात उभी. मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा, तिचा पाय मांडीवर घेऊन लोखंडी आकड्याने खुरातला चिखल काढत होता. आतला भाग मऊ पडलेला, घाण वास येत होता. काळ्या मातीत भरघोस पीक येतं, पण ती पाणी धरून ठेवते आणि घोड्याचा खूर सडतो. चूक माझी होती. तेव्हापासून मी मुरमाड, थोडी उताराची जमीन शोधतो. हातभर खड्डा खणायचा, बादलीभर पाणी ओतायचं आणि चहा होईपर्यंत थांबायचं. पाणी तसंच दिसलं तर ती जमीन घोड्यांसाठी दाखवायची नाही.

एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बोअरला पाणी आहे का, हे मालकाला नाही, शेजारच्या वस्तीवरच्या बायकांना विचारा, तेही वैशाखात. बांधावर कण्हेर असेल तर मुळासकट काढायला सांगा, तिचं पानही घोड्याला विषारी. काटेरी तारेचं कुंपण दिसलं तर ते बदलायचा खर्च आधीच सांगून टाका, बिथरलेला घोडा तारेत पाय फाडून घेतो.

रस्त्याच्या बाबतीत "गाडी जाते की" एवढ्यावर विसंबू नका. घोड्यांचा ट्रक आणि चाऱ्याची गाडी दुसऱ्याच्या गटातून जाणार असेल, तर नोंदणीकृत लेखी हक्क हवा. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण तो मिळेलच असं सांगून जमीन विकायची नाही.

कागदांत सातबारा, आठ अ (मालकाच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढा. भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे विकायला सरकारी बंधन असलेली जमीन असेल, तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बोजा (कर्जाची नोंद), पुनर्वसनाचा शेरा बघा. घेणारा शेतकरी आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि घोडेवाले बहुतेक शहरातले असतात.

सगळ्यात जास्त व्यवहार जमीनमालकाच्या बहिणींच्या सह्यांवर अडतात. मी मालकाला विचारतो:

"अण्णा, ताईंच्या सह्या होतील ना?"

"त्यांनी कधीच सोडलंय सगळं."

तोंडी सोडलेलं चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. मी इसार घ्यायच्या आधी त्या ताईंच्या सासरी जातो, ओसरीवर बसतो आणि त्यांच्याच तोंडून ऐकतो. एका ताई म्हणाल्या होत्या, "मला कुणी विचारलंच नाही, दादा." त्या दिवशी मी तो व्यवहार थांबवला. पुढे त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्या खात्यावर जमा झाले, मगच खरेदीखत झालं.