बोल्टचं डोकं गोल का होतं? पाना निवडताना या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात लूमखाली वाकून बघा, डोकं गोल झालेला एखादा तरी बोल्ट सापडेल. नाव गंजाचं होतं, पण पुष्कळदा करणी पान्याची असते.

सोलापुरात ही भानगड जास्त होते. बरेचसे जुने लूम इंची मापाचे, नंतर आलेली यंत्रं मिलिमीटरची आणि दोन्हींचे पाने एकाच डब्यात. अर्धा इंची डोकं म्हणजे 12.7 मिमी. त्यावर 13 चा पाना चढतो, हलका बोल्ट सुटतोही. जाम बोल्टवर मात्र तेवढी फटसुद्धा कोपरे खाते. 9/16 इंच म्हणजे 14.3 मिमी, तिथे 14 चा चढत नाही आणि 15 चा डुलतो. पाऊण इंचाला 19 चा चालून जातो, कारण फरक नावापुरताच आहे. त्या एका मापावरून ‘सगळे चालतात’ असा समज होतो आणि तो महागात पडतो. इंची पान्यांच्या दांड्यांना रंगाचा पट्टा मारा, डबाही वेगळा ठेवा.

नव्या पोराला ‘दहाचा बोल्ट खोल’ म्हटलं की तो दहाचा पाना घेऊन येतो. दहा हे आट्यांचं माप. डोक्याला 17 चा लागतो, नव्या मानकाच्या बोल्टला 16 चा. आठच्या बोल्टला 13 चा, बाराच्याला 19 किंवा 18 चा. सुताच्या हिशेबातही (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तेच: चार सुती बोल्टचा दांडा अर्धा इंच, डोकं त्याहून मोठं.

फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळीकडून. म्हणून पहिला झटका रिंगने द्या, मग भराभर फिरवायला फिक्स घ्या. कोपरे आधीच झिजले असतील तर बारा कोनी सॉकेट नको, सहा कोनी लावा. स्क्रू पाना (जबडा कमी-जास्त होणारा) वापरायचाच असेल तर नीट आवळा आणि जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरा. पाईप पाना नट-बोल्टला लावूच नये.

आता पान्याला पाईप अडकवायचा नाद. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्यावर 20 किलोचा जोर दिला की साधारण 50 न्यूटन मीटर पीळ बसतो. डोक्यावर 8.8 (हा मजबुतीचा दर्जा) लिहिलेल्या दहाच्या बोल्टला आवळायला जवळपास तेवढाच लागतो. पाईप अडकवून दांडा मीटरभर केला की तोच हात चौपट पीळ देतो. मग आटे तरी जातात, नाहीतर बोल्ट तुटून आत राहतो.

गंजलेल्याला गंज सोडवणारं तेल मारून थांबा, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, आधी किंचित आवळून मग सोडवा. गॅसने तापवायचं मनातही आणू नका. कापसाचा तूस आणि तेल आजूबाजूला असताना ठिणगी पुरते.

बोल्ट पुन्हापुन्हा सैल होत असेल तर लूमच्या धक्क्यांकडे बघा. आणखी आवळून उपयोग नाही. आटे तपासा, चेक नट (पहिल्याला अडवणारा दुसरा नट) लावा. टॉर्क रेंच (पीळ मोजून देणारा पाना) असेल तर तो आवळण्यापुरताच, जाम बोल्ट सोडवायला नको, माप बिघडतं.

नट फिरतोय पण निघत नाही? मागे बोल्टही फिरत असेल, दुसऱ्या पान्याने तो धरा. आणि बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट सुटत नसेल तर थांबा: त्याचे आटे उलटे असतात.