उपग्रहाच्या आकड्यांवरून फुप्फुसांचं आरोग्य अभ्यासायचं असेल तर

मी भौतिकशास्त्र शिकून या क्षेत्रात आले. आमच्या गटात छातीचे डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रवाले आहेत आणि दिवसभर नकाशांत बुडालेलेही आहेत. नवीन येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठलं सॉफ्टवेअर शिकू?’ असा असतो. त्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतेच. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, उपग्रह मोजत नाही.

नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण जमिनीवरून आणि हवेतून परत फिरलेला सूर्यप्रकाश टिपतं. त्यावरून निघते एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या अख्ख्या स्तंभातल्या कणांनी मिळून किती प्रकाश अडवला, याचा तो आकडा. त्याला एकक नसतं. माणूस मात्र श्वास घेतो स्तंभाच्या तळाशी, दोन मीटरच्या आत. बहुमजली इमारतीत एकूण माणसं किती एवढंच कळावं आणि त्यावरून तळमजल्यावर किती जण आहेत ते सांगायचं, असा हा प्रकार.

म्हणून हवामान शिकावंच लागतं. थंड, शांत सकाळी हवा ज्या थरात घुसळते तो थर खाली बसतो आणि तेवढाच धूर कमी जागेत कोंडतो. एओडी तीच, पण श्वासातले कण कितीतरी जास्त. दमट हवेत उलटं होतं. कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतात, पण त्यांचं कोरडं वजन तेवढंच राहतं. दूरच्या वाळवंटातली धूळ तीन-चार किलोमीटर उंचीवरून चालली असेल, तर नकाशा लालभडक दिसतो आणि खालची हवा त्या मानाने बरी असते. हे सगळं जुळवायला जिऑस-केमसारखी रासायनिक वहनाची, म्हणजे कण आणि वायू हवेत कसे वाहतात नि बदलतात ते मांडणारी, मॉडेलं वापरतात, आणि शेवटी हवा मोजणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांशी ताडून पाहतात. केंद्रं विरळ असतील तिथे उपग्रहाचा मोठा आधार वाटतो, पण तो आधार तपासायलाही नेमकी तीच केंद्रं लागतात.

वायूंसाठी सध्या ट्रोपोमी हे उपकरण सगळ्यांच्या तोंडी आहे. युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह ते घेऊन ऑक्टोबर २०१७ मध्ये गेला. नायट्रोजन डायऑक्साइडच्या त्याच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) आता साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा असतो. तो डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास. तेव्हा सकाळची गर्दी ओसरलेली असते, ऊन या वायूचं विघटन करत असतं आणि हवेचा थर वर गेलेला असतो. मुलं शाळेत जाताना जे हुंगतात, ते या आकड्यात येत नाही. दक्षिण कोरियाचं जेम्स (२०२०) आणि अमेरिकेचं टेम्पो (२०२३) ही भूस्थिर कक्षेतली उपकरणं आपापल्या भागाची दिवसा साधारण तासातासाची नोंद देतात, पण रात्र त्यांनाही दिसत नाही.

ढगांचा विषय पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ढग असले की आकडा गायब होतो, आणि कधीकधी दाट धूरच ढग समजून गाळला जातो. म्हणजे सर्वांत वाईट दिवसच सरासरीतून निसटू शकतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला प्रदूषणाच्या नकाशाआधी दुसराच नकाशा काढायला लावते: वर्षातल्या किती दिवसांचे वापरण्याजोगे आकडे कुठे आहेत? ट्रोपोमीच्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठी गुणवत्तेचा निर्देशांक ०.७५ च्या वर हवा, ही शिफारस त्याच वेळी लावून टाका.

आता फुप्फुसं. एखाद्या दवाखान्यात विचारून स्वतः स्पायरोमेट्री करून बघा. नळीत जीव खाऊन फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, हे दोन आकडे कुठून येतात ते तेव्हाच कळतं. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यावरही त्यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन बसणाऱ्या दीर्घकालीन आजाराचा, विचार करतात. मोठे कण बरेचसे नाक-घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात, पीएम २.५ मात्र वायुकोशांपर्यंत पोचतात.

प्रश्न कुठला विचारताय, यावर कुठला उपग्रह आणि कुठली सरासरी ते ठरतं. धुराच्या दिवसांनंतर दम्याचे किती रुग्ण तातडीच्या विभागात आले, हे पाहायचं तर रोजचे आकडे हवेत. तिथे केस-क्रॉसओव्हर पद्धत मला आवडते. त्याच रुग्णाचे इतर दिवस तुलनेला घेतले, की धूम्रपान, वय, घरची परिस्थिती यांचा गोंधळ बराच मिटतो. फुप्फुसांची वाढ खुंटते का, हा प्रश्न वर्षांचा असतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा दीर्घ अभ्यास जरूर वाचा. तिथली हवा सुधारत गेली तशी नंतरच्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ आधीच्यांपेक्षा चांगली दिसली, असा त्याचा २०१५ मधला निष्कर्ष होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. स्वच्छ भागांत काम करणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते, कारण उपग्रहावरून काढलेल्या अंदाजातली चूकच काही मायक्रोग्रॅमची असू शकते.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पायथन, त्यातलं एक्सअरे हे पॅकेज, नेटसीडीएफ (उपग्रहांचे आकडे ज्या स्वरूपात येतात त्या) फायली उघडता येणं आणि गूगल अर्थ इंजिनची तोंडओळख सुरुवातीला पुरते. नासा आणि युरोपचा कोपर्निकस कार्यक्रम या दोन्हींकडची माहिती नोंदणी करून फुकट मिळते. मशीन लर्निंगची घाई करू नका. आकडे वाटेल तसे विभागून मॉडेल तपासलं, की त्याच केंद्राचा कालचा दिवस शिकवणीत आणि आजचा परीक्षेत येतो. मग गुण झकास पडतात. अख्खी केंद्रं बाजूला ठेवून तपासा. गुण खाली आले तरी तेच छापा. मुलाखतीत मी तरी आधी हेच विचारते.

आरोग्याच्या नोंदींसाठी नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला महिनोन्‌महिने जातात, म्हणून उपग्रहाची पहिली फाईल उतरवण्याआधी अर्ज लिहायला घ्या. अर्जात रुग्णांचे पूर्ण पत्ते मागू नका. दवाखान्यातल्याच कुणाकडून पत्त्याच्या जागी ग्रिडच्या चौकोनाचा क्रमांक भरून घेता येतो. पाच किलोमीटरच्या चौकोनाला घर क्रमांक लागत नाही आणि समितीचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.