सरकीच्या संशोधकाचं काम असं शोधा

आमच्या वणीकडे सरकीची ढेप गाईला घालतात, कोंबड्यांना नाही. कारण त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य. त्यावर अमेरिकेतले कपाशी-संशोधक कीर्ती राठोड यांचं काम बघायचं तर गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची साइट) नावासोबत 'गॉसिपॉल'ही इंग्रजीत टाका, नाहीतर भलतेच राठोड निघतात. २००६ चा शोधनिबंध उघडा. अकरावीच्या पोरींना मी आधी सारांशच वाचायला लावते: बियांतलं गॉसिपॉल घटलं, पानांतलं तसंच राहिलं. म्हणजे किडीपासून झाडाचं रक्षण कायम! मग 'साइटेड बाय' दाबा, पुढे कोणी आधार घेतला ते कळेल. संशोधकाचा एच-इंडेक्स १० म्हणजे त्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० उल्लेख. तो वयासोबत वाढतो, म्हणून तरुण संशोधकाला त्यावर तोलू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं बियांत कमी गॉसिपॉल असलेल्या राठोड यांच्या या कपाशीच्या लागवडीला मोकळीक दिली. ते कुठल्याच इंडेक्समध्ये दिसत नाही.