देवलांच्या नाटकांवरून लिहायला शिकताना

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांची नाटके ज्यांच्या हाती नुकतीच लागली आहेत आणि ती वाचून आपणही काही लिहावे असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. देवलांच्या सात नाटकांपैकी केवळ ‘शारदा’ हे स्वतंत्र आहे. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरचे, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरचे, आणि इतरही अशीच कुठल्या ना कुठल्या आधीच्या कृतीवरून बेतलेली. दुसऱ्याच्या कथानकावर हात बसवून मग स्वतःचे नाटक लिहिण्याचा हा क्रम नवशिक्याने बिनदिक्कत उचलावा, असे माझे मत आहे.

वाचनाला सुरुवात ‘संशयकल्लोळ’पासून करावी. मोलिअरच्या १६६० मधील एका प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले, आणि पुढे पदे घालून त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. पहिल्या वाचनात पदे ओलांडून केवळ गद्य वाचावे. संगीत नाटकाच्या चाहत्यांना हा सल्ला रुचणार नाही, परंतु पदांच्या गोडीत रचना नजरेआड होते आणि आपल्याला आधी रचना पाहायची आहे. पदे दुसऱ्या वाचनात, शक्य तर ध्वनिमुद्रणे ऐकत वाचावीत.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी कागदावर चार रकाने आखावेत: फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती. प्रत्येक प्रवेश संपला की त्या क्षणी कोणाला काय खरे वाटते आहे ते ज्याच्या-त्याच्या रकान्यात लिहावे आणि प्रत्यक्षात काय घडले ते समासात टिपावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. प्रियकर अश्विनशेठची तसबीर जवळ असलेल्या रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. मग तीच तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते आणि ती ती न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. या प्रसंगात कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले ते खरेच आहे, फक्त अर्धे आहे. तीच तसबीर पुढे अश्विनशेठला फाल्गुनरावाकडे दिसते आणि घोळ दुसऱ्या जोडीपर्यंत पोहोचतो. तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली, एवढेच बाणांनी दाखवले तरी नाटकाचा बराचसा सांगाडा कागदावर उतरतो.

‘सरळ विचारले असते तर मिटले नसते का’ हा आक्षेप अशा नाटकावर हमखास घेतला जातो. देवलांनी त्याचे उत्तर स्वभावांत ठेवले आहे. फाल्गुनराव मुळातच संशयी असल्यामुळे त्याचा प्रश्नही आरोप होऊन बाहेर पडतो आणि कृत्तिका त्याला आरोपानेच उत्तर देते. आपण लिहिताना हीच जागा सर्वाधिक सांभाळावी लागते.

आता पहिला सराव. एक वस्तू, चार माणसे आणि दोन जोड्या घेऊन साधारण दहा मिनिटांचा एकच प्रवेश लिहावा. तसबिरीऐवजी मोबाइल घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण मोबाइलमुळे खुलासा फारच स्वस्त होतो. दवाखान्याची फाइल, घराची किल्ली, कोणाच्या तरी नावाची पावती अशी मुकी वस्तू अधिक उपयोगी पडते. देवलांचेच कथानक घेऊन आजच्या सोसायटीत बसवले तरी चालेल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो आणि देवलांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच संपली आहे. मात्र अलीकडच्या दिग्दर्शकांनी संपादित केलेल्या रंगावृत्तीवर वेगळे हक्क असू शकतात, म्हणून मूळ संहितेवरूनच काम करावे.

हा सराव झाल्यावरच ‘शारदा’ (१८९९) हाती घ्यावे. पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देण्याची चाल हा या नाटकाचा विषय; देवलांच्या काळात ती समाजात उघड चालू होती. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो हरबिलास सारडा यांच्यावरून, या नाटकाशी त्या नावाचा संबंध नाही.) येथे अभ्यासायची गोष्ट म्हणजे विरोधी बाजूचे लेखन. म्हाताऱ्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढवू पाहणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाला भुललेला शारदेचा बाप कांचनभट यांच्या तोंडी देवलांनी बावळट युक्तिवाद दिलेले नाहीत. ते आपापल्या जागी पटतील असे बोलतात, त्यामुळे शारदेची भीती आपल्याला खरी वाटते. आपल्याला ज्या प्रथेचा राग आहे तिच्या समर्थकाला एक पानभर बोलू द्यावे आणि मध्ये कोणालाही उत्तर देऊ देऊ नये, हा दुसरा सराव.

भाषेबाबत एकच सांगणे आहे. देवल तालीम मास्तर म्हणूनही नावाजलेले होते. वाक्य नटाच्या तोंडात कसे बसते, हे त्यांना जवळून ठाऊक होते. त्यांची जुनी रूपे उचलून आपल्या पात्रांच्या तोंडी घातली तर नक्कल हाती लागते, म्हणून त्यांच्या वाक्यांची लांबी पाहावी आणि शब्द आपल्या भोवतालचे घ्यावेत. मसुदा पूर्ण झाला की तो स्वतः वाचून न दाखवता दोघा-तिघांना भूमिका वाटून मोठ्याने वाचायला द्यावा. आपण पेन्सिल घेऊन गप्प बसावे आणि वाचणारा जिथे अडखळेल किंवा वाक्य आपल्या सोयीने बदलून म्हणेल तिथे खूण करावी. पुढचा मसुदा त्या खुणांपासून सुरू करावा.